तिसरी फ्रेम

मालकांनी मला आतल्या खोलीत बसवलं ते माझं तोंड बघून, असं माझी बायको सांगते. पुढं बसलो असतो तर गिऱ्हाईक दारातूनच परत गेलं असतं म्हणे. असेलही. काचा घासायला तोंड लागत नाही, हात लागतात, आणि माझे हात बरे आहेत. आतली खोली आणि पुढचं दुकान यांच्यामध्ये हातभर रुंदीची एक खिडकी आहे. तिच्यातून फ्रेम आत येते, मी तिच्यात काचा बसवतो आणि चष्मा बाहेर जातो. माझं निम्मं आयुष्य या खिडकीपाशी गेलं. त्यामुळे बाईंना माझ्याइतकं कुणी बघितलेलं नाही.

बाई म्हणजे आमच्या दुकानात फ्रेमा दाखवणाऱ्या. डॉक्टर डोळ्यांचा नंबर काढतात, मी काच घासतो. पण चष्मा घालून माणूस आरशात बघतो तेव्हा त्याला स्वतःचं तोंड आवडतं की नाही, हे बाईंच्या हातात. दार ढकलून कुणी आत यायचं, काउंटरपर्यंत पोचायचं, तेवढ्यात बाईंनी खणातून तीन फ्रेमा काढून ठेवलेल्या असायच्या. पहिली दाखवायच्या, ती मुळीच शोभायची नाही. दुसरी त्यातल्या त्यात बरी. तिसरी घातली की गिऱ्हाईक आरशासमोरून हलायचं नाही. मी एकदा विचारलं, तिसरीच बरोबर असते तर आधीच्या दोन कशाला दाखवता, उगाच वेळ घालवायला? बाई म्हणाल्या, "भाऊ, आल्या आल्या ओळखलेलं माणसाला आवडत नाही. त्याला वाटलं पाहिजे, आपण शोधून काढलं."

नुसता चेहरा ओळखून थांबल्या असत्या तर प्रश्न नव्हता. बाई माणूसही ओळखायच्या, निदान तसं सगळे म्हणायचे. फ्रेम माझ्याकडे सरकवता सरकवता हळूच सांगायच्या, हे गृहस्थ उद्या बायकोला घेऊन परत येणार. ही मुलगी चष्मा घालणार नाही, पर्समध्ये ठेवणार. या आजोबांना चष्मा नकोच आहे, त्यांना घटकाभर बोलायला कुणीतरी हवं आहे. आणि खरंच तसं व्हायचं. शितावरून भाताची परीक्षा करतात म्हणे. आमच्या बाई नुसत्या वाफेवरून सांगायच्या. मालक तर नवा माणूस कामावर घ्यायचा असला की त्याला मुद्दाम बाईंच्या समोरून चालवत न्यायचे.

मला यात एक गोष्ट खटकायची. ज्यांच्या बाबतीत बाईंचं चुकलं असेल, ते लोक चूक सांगायला परत येतात कुठं? आणि ज्याला तुम्ही दारातच तिरसट ठरवलं, त्याच्याशी तुम्ही तसंच तुटक बोलता. मग तोही तुटक उत्तर देतो आणि तुम्ही म्हणता, बघा, मी म्हटलं नव्हतं? मी पहिल्या दिवशी कामावर आलो तेव्हा बाईंनी मालकांना सांगितलं होतं, हा टिकायचा नाही, रागीट आहे. मी अजून टिकून आहे. हे मी बोलून दाखवलं की त्या हसून म्हणायच्या, रागीट म्हटलं ते तर खरं ठरलं ना? मला राग यायचा, आणि राग आला की त्यांचंच खरं व्हायचं.

एक मात्र खरं, कामात त्यांचा जीव होता. चष्मा घसरत असलेला माणूस त्यांना बघवायचा नाही. बोटानं सारखा चष्मा वर ढकलणारा कुणी दिसला की त्या कासावीस व्हायच्या, जणू त्या माणसाचा सदरा उलटा आहे आणि कुणीच त्याला सांगत नाही. बसथांब्यावर, बाजारात, कुठंही अनोळखी माणसाला थांबवून सांगायच्या, आमच्या दुकानात या, मी नीट करून देते, काही द्यावं लागणार नाही. दुकानात कुणी हनुवटी वर करून बोलायला लागलं की बाई त्याच्या बोलण्याकडे लक्षच देत नसत. आधी नाकाकडे बघायच्या. चष्मा नाकावर थांबत नसला की माणूस नकळत मान वर करतो, हे आमच्या धंद्यात कुणीही सांगेल.

बिट्टीला आईच्या या रस्त्यातल्या उद्योगाची फार लाज वाटायची. बिट्टी म्हणजे बाईंची मुलगी, एकुलती एक. वडील गेले तेव्हा ती नीट चालतही नव्हती. बाईंनी तिला या दुकानातच वाढवलं म्हणायला हरकत नाही. शाळा सुटली की ती येऊन माझ्या खिडकीखाली एका बुटक्या स्टुलावर बसायची. अभ्यास करायची, पेंगायची, बिनकाचांच्या फ्रेमा घालून मला भिववायची. थोडी मोठी झाल्यावर आईचं बघून तीही दाराकडे नजर लावायची आणि गिऱ्हाईक आत यायच्या आधी तीन फ्रेमा काढून ठेवायची. बहुतेक वेळा चुकायची. बाई तिच्या फ्रेमा गुपचूप खणात ढकलून स्वतःच्या काढायच्या आणि तिला म्हणायच्या, "येईल गं, येईल. रक्तात आहे तुझ्या."

शिकली, दुसऱ्या शहरात नोकरीला लागली. सुट्टीला यायची तेव्हा आधी दुकानात यायची, मग आईबरोबर घरी जायची. आणि एका सुट्टीच्या आधी तिनं फोनवर सांगितलं, आई, या वेळी एकाला घेऊन येते. तू बघ त्याला.

तो आठवडाभर बाई जमिनीवर नव्हत्या. दोन खोल्यांचं घर त्यांनी धुऊन पुसून लख्ख केलं. खुर्च्यांना नवे अभ्रे शिवले, नवऱ्याच्या फोटोची काच माझ्याकडून नवी कापून नेली. मी सहज विचारलं, काय काय विचारणार आहात त्याला? बाई म्हणाल्या, विचारायचं काय त्यात, दारात उभा राहिला की कळेल.

तसंच झालं. दारात उभा राहिला आणि बाईंना कळलं.

दुसऱ्या दिवशी त्या कामावर आल्या त्याच मुळी सुजलेल्या डोळ्यांनी. दुकान उघडून झाडलोट केली. मग खिडकीला टेकून सगळं सांगितलं. मुलगा दारात आला तोच नाक वर करून. घर बघितलं ते वरून खाली, खुर्च्या बघितल्या त्या वरून खाली. जेवायला वाढलं तर ताटाकडे धड बघेना, जणू काय वाढलंय याच्याशी त्याला देणंघेणंच नाही. विचारेल त्याला एका शब्दात उत्तर. हसायचं म्हणून नाही. निघताना भिंतीवरच्या फोटोसमोर उभा राहिला, तोही छाती ताठ आणि मान वर. "माझ्या नवऱ्याच्या फोटोकडे असा बघत होता, भाऊ, जसा एखादा साहेब शिपायाकडे बघतो." अंगावर कपडे साधेच होते, पण डोळ्यांवर जाड, काळी, भारीतली फ्रेम. ती ऐट दाखवायलाच घातली असणार, असंही बाईंचं मत पडलं.

तो गेल्यावर स्वयंपाकघरात मायलेकींचं जे झालं तेही बाईंनीच सांगितलं. बाई बिट्टीला म्हणाल्या होत्या, "माझ्या घराकडे नाक वर करून बघणारा माणूस मला माझ्या दारात परत नको." बिट्टीनं विचारलं, तू त्याच्याशी बोललीस तरी का? बाई म्हणाल्या, बोलायची गरजच पडली नाही. सकाळी बिट्टीनं बॅग भरली. दुकानात येऊन मला भेटून जायची तिची रीत होती, त्या दिवशी आली नाही.

मी बाईंना म्हटलं, एकदा परत बघा त्या मुलाला, माणूस एका दिवशी वेगळा दिसतो, दुसऱ्या दिवशी वेगळा. बाई म्हणाल्या, फुटलेली काच परत घासता का तुम्ही? मी म्हटलं, फुटली कुठं आहे अजून? त्यावर त्या दिवसभर माझ्याशी बोलल्या नाहीत. फ्रेमा खिडकीतून आत यायच्या, शब्द यायचा नाही.

बिट्टीनं त्याच्याशी लग्न केलं. केल्यावर कळवलं. त्यानंतर ती आली नाही.

भांडण तुटेपर्यंत ताणलं, असं मात्र कुणी म्हणू नये. दर रविवारी बिट्टीचा फोन यायचा आणि दर सोमवारी बाई मला तो पहिल्यापासून शेवटपर्यंत सांगायच्या. सांगण्यासारखं त्यात काही नसायचं. जेवलीस का, सर्दी गेली का, गुडघा कसा आहे. जावयाचं नाव निघायचं नाही. बाई विचारायच्या, तुमच्याकडे सगळे बरे ना? त्या 'सगळे'मध्ये जावईही आला, असं बिट्टीनं समजून घ्यायचं. बिट्टीला मुलगी झाली, ती बोलायला लागली, फोनवर "आजी" म्हणायला लागली. बाई फोनमधले तिचे फोटो दोन बोटांनी मोठे करून करून बघायच्या. एका फोटोत पोरीला धरलेला पुरुषाचा हात होता. तेवढ्यावर बाई अंगठा ठेवायच्या आणि बाकीचा फोटो मला दाखवायच्या.

बिट्टी फोनवर एकच म्हणायची, आई, तू त्याला एकदा ये म्हण, मी त्याच पावली येते. एवढंच हवं होतं. हे बाईंनाही ठाऊक होतं, मलाही ठाऊक होतं. पण सुंभ जळाला तरी पीळ जात नाही. खोटं कशाला बोलू, मला त्यांची चीड यायची. आणि दुपारी दुकान रिकामं असताना त्या काउंटरवर कोपरं टेकून दाराकडे बघत बसल्या की त्यांची दयाही यायची. पूर्वी दार वाजलं की बाई येणारा माणूस बघायच्या. आता आधी एवढंच बघायच्या की ही बिट्टी नव्हे. मग माणूस बघायच्या. त्या दोन बघण्यांच्या मधे त्यांच्या तोंडावर जे येऊन जायचं ते फक्त खिडकीतून दिसायचं. बिट्टीचं स्टूल अजून तिथंच होतं. एखादं दमलेलं गिऱ्हाईक त्यावर बसायला लागलं की बाई चटकन खुर्ची पुढं करायच्या. हातातली फ्रेम दुसऱ्याच खणात ठेवून द्यायच्या आणि मग दिवसभर शोधत बसायच्या. डोळ्यांत प्राण आणून वाट बघणं म्हणतात ते हेच. बोलवायचंही नाही, आणि वाट बघायचीही सोडायची नाही.

अशी किती तरी वर्षं गेली. आणि एका दुपारी तो माणूस आला.

एक म्हातारी चष्मा घेऊन बाहेर पडत होती. तिच्यासाठी तो दार धरून थांबला, ती पायरी उतरेपर्यंत. मग पाय पुसून आत आला. दाढी राखलेली, खांद्याला पिशवी, डोळ्यांवर बारीक तारेची हलकी फ्रेम, मान जराशी खाली. बाईंनी नजर उचलली. बिट्टी नव्हे. मग माणूस बघितला. तीन फ्रेमा काढता काढता खिडकीकडे वळून मला पुटपुटल्या, "नाकासमोर चालणारा दिसतोय. बायकोचं ऐकणाराही असेल."

त्यानं फ्रेमांकडे बघितलंही नाही. पिशवीतून एक डबी काढली आणि तिच्यातला चष्मा काउंटरवर ठेवला. जाड, काळा, अख्खा प्लास्टिकचा. म्हणाला, हा घसरतो, नीट करता येईल का?

बाईंनी तो हातात घेऊन वजन बघितलं आणि त्याच्या चेहऱ्याकडे बघितलं. माणूस आवडला की बाई थट्टेवर यायच्या. म्हणाल्या, ही कुणी घेतली तुमच्यासाठी? हे तर नाकापेक्षा मोती जड झालं. तो हसला. म्हणाला, बायकोनं घेतली. लग्नाच्या आधी, मोठ्या हौसेनं, स्वतः निवडून. घसरते असं तिला सांगायचा मला कधी धीर झाला नाही. हे ऐकून तर बाईंना तो आणखीच आवडला. असा नवरा मिळायला नशीब लागतं, असं काहीसं त्या म्हणाल्या.

"घाला बघू," बाई म्हणाल्या आणि मापासाठी दोन्ही हात त्याच्या कानांकडे नेले.

त्यानं तारेचा चष्मा काढला, काळा घातला. तो लगेच घसरायला लागला. त्याचा हात चष्मा वर ढकलायला उठला, अर्ध्या वाटेत थांबला, खाली गेला. आणि त्यानं हनुवटी वर केली.

बाईंचे हात तसेच हवेत राहिले. मी काचा घासायचं यंत्र बंद केलं. तो उंच, बाई ठेंगण्या. खालून बघताना त्यांना काय दिसत असेल ते मला इथूनही कळलं. जाड काळी फ्रेम, ताठ मान, आणि नाकाच्या शेंड्यावरून खाली बघणारे डोळे.

"आई," तो तसाच मान वर धरून म्हणाला, "मीच आहे."

बाई बाजूची खुर्ची चाचपून बसल्या. मग त्यानंच सांगितलं, उभ्या उभ्या, घाईघाईनं, वाटेत पाठ करून आल्यासारखं. त्या दिवशी बिट्टीनं त्याला बजावून आणलं होतं की काहीही कर, पण आईसमोर तुझ्या जुन्या सवयीनं चष्मा वर ढकलू नकोस, तिला ते बघवत नाही, तिचं सगळं लक्ष तिकडेच जाईल. फ्रेम नवी होती, बिट्टीनं दिलेली, खास आईला दाखवायला. दारातच ती घसरायला लागली. मग त्यानं जी मान वर धरली ती घराबाहेर पडेपर्यंत. जेवताना ताटात बघायची सोय नव्हती, चष्मा आमटीत पडला असता. हसला असता तरी पडला असता. फोटोतल्या माणसाला खाली वाकून नमस्कार करायचा होता, तोही राहिला.

आपण आईंना का आवडलो नाही, हे बिट्टीनं त्याला कधी सांगितलं नव्हतं. त्याला लागेल म्हणून. त्यानंही कधी खोदून विचारलं नव्हतं, तिला लागेल म्हणून. आत्ता मागच्या आठवड्यात पोरगी मान वर करून टीव्ही बघत होती. बिट्टी तिच्यावर खेकसली, अशी मान वर करून बघू नको, आजी घरात घेणार नाही. त्यानं विचारलं, म्हणजे काय? तेव्हा कुठं त्याला सगळं कळलं. कचेरीचं काम काढून तो परस्पर आला होता. बिट्टीला पत्ता नव्हता.

यातल्या एकाच गोष्टीवर बाई बोलल्या. "पोरगी मान वर करून बघते? डोळे दाखवले का तिचे?"

"दाखवले. नंबर लागलाय."

"मग चष्मा?"

"ते तुम्ही बिट्टीलाच विचारा, आई."

बाई उठल्या. काळा चष्मा त्याच्या डोळ्यांवरून उतरवून घेतला. काड्या वाकवायला आमच्याकडे गरम वाळूचं भांडं असतं, त्यात काडीची टोकं धरली. हे काम त्या डोळे मिटून करतात, पण आज टोकं दोनदा बाहेर काढून बघितली, आणि मी मदतीला उठलो तर त्यांनी मानेनंच नको म्हटलं. काड्या कानामागं वळवल्या. नाकाच्या जागी दोन्हीकडे मऊ गाद्या चिकटवल्या. चष्मा परत त्याला घातला, कानामागून बोट फिरवलं, आणि म्हणाल्या, खाली बघा. त्यानं खाली बघितलं. चष्मा हलला नाही. मग त्यानं वर बघितलं. बाईंच्या डोळ्यांत डोळे घालून तो पहिल्यांदाच बघत होता, आणि तो चेहरा काही कुणाला हिणवणाऱ्याचा नव्हता. बऱ्यापैकी भ्यालेला होता.

बाई खिडकीपाशी आल्या. "गिऱ्हाइकाला तीन तीन फ्रेमा दाखवते, भाऊ," त्या म्हणाल्या. "माझ्या पोरीच्या माणसाला एकदाच बघितलं."

माझ्या जिभेवर आलं होतं की आजसुद्धा तुम्ही दारातच निकाल दिलात, नाकासमोर चालणारा म्हणून; तो खरा निघाला हे आपलं नशीब. पण रागीट माणसालाही कुठं गप्प बसावं ते कळतं. मी त्यांचा फोन त्यांच्या हातात दिला.

रविवार नव्हता. बाईंना फोन कानाला लावायचं भान नव्हतं. तो त्यांनी स्पीकरवर टाकून काउंटरवर ठेवला आणि वाकून त्याच्यात बोलल्या, त्यामुळे दोन्हीकडचं मला ऐकू आलं.

"आई? आज कसा फोन? बरी आहेस ना?" बिट्टीचा आवाज घाबरलेला होता.

"बरी आहे. त्याचा चष्मा नीट करून दिला."

"कुणाचा?"

"तुझ्या नवऱ्याचा. इथं बसलाय. नाक लहान आहे गं त्याचं. ती फ्रेम त्याच्यावर थांबणार कशी?"

जावई खाली बघत बसला होता. चष्मा पडत नव्हता.

"तुला त्याचं नाक आज दिसलं?" बिट्टीनं विचारलं.

"हो," बाई म्हणाल्या. "आज दिसलं."

मला वाटलं, आता फोन बंद होणार. बंद झाला असता तर मी बिट्टीला दोष दिला नसता. पण तिकडून रडका आवाज आला, "घसरत होती? ती फ्रेम मी निवडली होती, आई. तुझ्यासारखी. त्याला बघितलं आणि पटकन उचलली. तुला दाखवायचं होतं, मलाही येतं म्हणून."

"माहीत आहे मला."

"त्यानं मला कधी सांगितलं नाही."

"नाही सांगणार तो," बाई म्हणाल्या, आणि डोळे पुसून एकदम दुकानातल्या आवाजात विचारलं, "पोरीला नंबर लागलाय म्हणे. चष्मा केलास?"

"नाही."

"का?"

"दोन दुकानांच्या दारापर्यंत गेले," बिट्टी म्हणाली, "आणि परत आले. दुसऱ्या कुणाकडून कसा करू?"

बाईंनी काउंटरची कड दोन्ही हातांनी धरली. "ये मग," त्या म्हणाल्या. "सगळे या. त्यालाही घेऊन ये, नाही, तो इथंच आहे. तू ये. पोरीला घेऊन ये."

बिट्टी म्हणाली, रविवारी येते. बाई म्हणाल्या, रविवारी दुकान बंद असतं, शनिवारी ये. मग म्हणाल्या, उद्याच ये.

जावई निघाला. दारापाशी त्याला काही आठवलं, परत वळला आणि वाकून बाईंच्या पाया पडला. चष्मा जागच्या जागी राहिला. बाईंनी आपल्या घराची किल्ली त्याच्या हातात दिली आणि तू पुढं हो, मी दुकान बंद करून येते, असं म्हणाल्या. 'तू' म्हणाल्या.

तो गेल्यावर बाईंनी माझ्या खिडकीखालचं बुटकं स्टूल बाहेर ओढलं, फडक्यानं पुसलं आणि काउंटरच्या आत, आपल्या शेजारी ठेवलं. मग लहान मुलांच्या फ्रेमांचा खण उघडला. लाल, निळ्या, फुलाफुलांच्या, सगळ्या ओळीनं लावलेल्या. मी बघत होतो, त्या एकाही फ्रेमला हात लावत नव्हत्या. माझं तोंड शेवटी गप्प बसलं नाहीच. म्हटलं, काढून ठेवा की तीन. पोरीचे इतके फोटो बघितलेत, तुम्हाला तर पाठ असेल ती.

"नाही भाऊ," बाई म्हणाल्या. "आधी येऊ दे तिला. मला बघू तर दे."

आणि खण तसाच उघडा ठेवून त्या दाराकडे तोंड करून बसल्या.